खाकी कागद

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा पुण्याहून मावशीचा फोन. "काय रे, तुझा ब्लॉग बुडाला की काय?" म्हटलं, ब्लॉग नाही बुडाला, होडीची डोलकाठी उतरवून ठेवलीय, ती उभी राहीपर्यंत डोक्यात दुसरं काही शिरत नाही. "ऑक्टोबरपासून?" मावशी म्हणाली, "एक काठी उभी करायला आठ महिने?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे आणि ते १७६१ सालापासून सुरू होतं, म्हणून फोनवर दिलं नाही. शिवाय त्यात माझा स्वतःचा एक गाढवपणा आहे. तो लिहायला बरा, बोलायला नको :)

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. पोर्ट्समथच्या बंदरात, पण पलीकडच्या गॉस्पोर्टच्या काठाला, आमची एक शिडाची होडी असते. ऑफिसातला एक मित्र आणि मी, निम्मी-निम्मी. यॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे सूट आणि शँपेन येते, म्हणून मी होडीच म्हणतो. फायबरग्लासची, आठ मीटर लांब, १९७६ सालची. डोलकाठीही तेव्हाचीच, ॲल्युमिनियमची, आतून पोकळ. म्हणजे होडीतली मी धरून सगळीच मंडळी पन्नाशीच्या आसपासची.

२०२४ च्या उन्हाळ्यात बाबा इकडे आले होते. बाबा म्हणजे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधले निवृत्त फिटर, वय वर्षं ८१. आमचं मूळ गाव देवगडकडचं असलं तरी बाबांना समुद्राचं फारसं प्रेम नाही. होडीवर आले, सोलेंटची हवा खाल्ली, नातीने शीड कसं वर चढवतात ते दाखवलं त्याला "छान" म्हणाले, आणि मग डोलकाठीच्या बुंध्याशी मांडी घालून बसले. खिशातून किल्ली काढून तिथला रंग खरवडायला लागले. रंगाचा फुगा फुटला आणि आतून पांढरी भुकटी सांडली.

"हे काय?"

"मीठ असेल, बाबा. समुद्राचं पाणी उडतं ना."

मी थांबवेपर्यंत बोट जिभेला लावून झालं होतं. "मीठ नाही," बाबा म्हणाले. मग वर बघितलं. माणसाच्या छातीच्या उंचीला दोऱ्या ओढायचा रहाट बसवलेला आहे, आठ स्टीलच्या स्क्रूंनी. प्रत्येक स्क्रूभोवती तसाच एकेक फुगा. "हे स्क्रू कोणी बसवले?"

२०१४ साली मी बसवले होते. चांगले महागातले, स्टेनलेस स्टीलचे, थेट ॲल्युमिनियममध्ये भोक पाडून, मध्ये काहीही न घालता. हे मी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. फिटरच्या मुलाला यापेक्षा वाईट काही ऐकवता येत नाही.

आता इतिहास.

अठराव्या शतकात लाकडी जहाजांचा मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा. उष्ण समुद्रात तर तो दोन-चार वर्षांत तळाची चाळण करायचा. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजला धाडलं. १७६३ साली तपासणी झाली. किडा कुठेच नाही, शेवाळ आणि शिंपले जवळजवळ नाहीत. तळ झकास! फक्त एक भानगड होती. जिथे जिथे तांब्याला लोखंडी खिळे लागून होते तिथे खिळ्यांचा लगदा झालेला. कण्याखालची जादा लाकडी पट्टी तर खिळे गेल्यामुळे सुटूनच गेली होती.

पण सगळेच खिळे गेले नव्हते. काही ठिकाणी खिळे धडधाकट होते, नवे असल्यासारखे. का? तांब्याचे पत्रे कारखान्यातून खाकी कागदात गुंडाळून आले होते. ठोकणाऱ्यांनी काही ठिकाणी तो कागद काढायचा आळस केला होता. जिथे कागद तांबं आणि लोखंड यांच्या मध्ये राहिला, तिथे लोखंड वाचलं.

मला ही गोष्ट फार आवडते. आपण जून महिन्यात वह्यांना कव्हरं घालायचो तसला कागद, कुणा कामगाराच्या कंटाळ्यामुळे राहून गेलेला, आणि त्यातून आरमाराला कळलं की समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. का चिकटू द्यायचे नाहीत हे सांगू शकेल असा माणूस तेव्हा पृथ्वीवर नव्हता. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचं लिखाण छापलं १७९१ ला, व्होल्टाची बॅटरी आली १८०० ला. उपाय आधी सापडला, कारण चाळीसएक वर्षांनी.

कारण असं: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून खारं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरी होते. त्यात एक धातू सुरक्षित राहतो आणि दुसरा विरघळत जातो. कोणी विरघळायचं हे ठरलेलं असतं. तांब्यापुढे लोखंड हरतं. स्टेनलेस स्टीलपुढे ॲल्युमिनियम हरतं. आणि जस्त बिचारं या सगळ्यांपुढे हरतं.

असो. आरमाराने धडा घेतला, पण अर्धवट. १७७९ नंतर अमेरिकेच्या लढाईच्या धामधुमीत अख्ख्या ताफ्याला तांबं ठोकायचं ठरलं. हजारो लोखंडी बोल्ट बदलणं परवडत नव्हतं, म्हणून मध्ये जाड कागद आणि डांबर घालून काम भागवलं. कागदाच्या फटींतून पाणी आत गेलंच. तळ वरून चकचकीत आणि आतले बोल्ट खलास, अशी जहाजं निघायला लागली. शेवटी १७८० च्या दशकात लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट घालणं भाग पडलं. म्हणजे कागद घालायचा तर निगुतीने घालायचा, नाहीतर तो नसल्यातच जमा.

दुसरा उपाय आला हम्फ्री डेव्हीकडून. खाणकामगारांच्या दिव्यामुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेला तोच डेव्ही. आता आरमाराचं लोखंड वाचलं होतं, पण तांब्याचे पत्रेही समुद्रात हळूहळू झिजत होते आणि तांबं काही स्वस्त नव्हतं. डेव्हीने १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा तांब्याला जोडला तर चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं झिजायचं थांबतं, असं त्याला प्रयोगात दिसलं होतं. या कामात त्याच्या हाताखाली मायकेल फॅरेडे होता. समुद्रावरची चाचणी ज्या जहाजांवर झाली त्यांत एक होतं 'समारंग', आणि हे जहाज आपल्या कोचीनला बांधलेलं, सागवानी! तांब्याला ओतीव लोखंडाच्या पट्ट्या जोडून ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आलं.

तांबं वाचलं. डेव्ही बरोबर होता. फक्त जहाजाच्या तळाला शिंपले आणि शेवाळ यांची बाग फुलली होती. कारण तांबं जे झिजत होतं ना, तेच पाण्यात मिसळून शिंपल्यांना दूर ठेवत होतं. झिजणं थांबलं तसा त्याचा उपयोगही थांबला. जहाजं मंदावली, कप्तान चिडले, आणि १८२५ पासून पट्ट्या काढून टाकायचे हुकूम सुटू लागले. बिचाऱ्या डेव्हीची बरीच टिंगल झाली. पण पुढे लोखंडी आणि पोलादी जहाजं आली तेव्हा त्याचीच युक्ती परत आली. आज कुठल्याही जहाजाच्या तळाला जस्ताचे किंवा तसल्याच धातूचे ठोकळे बसवलेले दिसतील, मरण्यासाठीच बसवलेले. आमच्या होडीच्या पंख्याजवळही एक आहे. दर वसंतात तो खाल्लेल्या बिस्किटासारखा दिसायला लागला की बदलायचा.

हाच माझा गैरसमज. तो ठोकळा दरवर्षी इमानदारीत बदलत असल्यामुळे मला वाटायचं की गंजाचा बंदोबस्त झालेला आहे. बाबांनी चहा पिता पिता विचारलं, "त्या जस्ताचं पाणी डोलकाठीपर्यंत पोचतं का रे?"

नाही पोचत. जस्त वाचवतं ते फक्त त्याच पाण्यात बुडालेल्या धातूला. डोलकाठी हवेत. तिच्यावरच्या प्रत्येक स्क्रूखाली उडालेल्या पाण्याचा एक थेंब, आणि तो थेंब म्हणजे त्या स्क्रूपुरता वेगळा समुद्र. तळाचा ठोकळा तिथे काय करणार? बाबा म्हणाले, "आजीकडे कल्हई होती आणि मोरीत जस्ती बादली होती. दोन्ही तुला सारखंच वाटतं. कल्हई झाकते. भांड्याची कल्हई उडाली की ताक कळकलंच. बादलीवर चरा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, शेजारचं जस्त त्याच्यासाठी मरतं. तुझ्या काठीला मरणारं कोणी नाही. तिला झाकायलाच हवं."

मी हे सगळं पुस्तकांत वाचलेलं होतं हो. 'अलार्म'ची गोष्ट तर मी कुणाकुणाला रंगवून सांगितली होती. तरी २०१४ मध्ये रविवारी दुपारी हातात ड्रिल असताना ती आठवली नाही.

माहीत असूनही करणारा मी एकटा नाही, एवढाच दिलासा. १८९५ साली अमेरिकाज कपसाठी नॅथनिएल हेरेशॉफने 'डिफेंडर' नावाची नौका बांधली. वजन वाचवण्यासाठी पाण्याखाली ब्राँझ, पाण्यावर ॲल्युमिनियम आणि आतल्या फासळ्या पोलादी! तीन धातू, एक समुद्र. हेरेशॉफ त्या काळातला सर्वांत हुशार नौकारचनाकार, त्याला याचं काय होणार ते कळत नव्हतं असं मानणं कठीण आहे. पण शर्यत जिंकायची होती आणि 'डिफेंडर'ने ती जिंकली. ॲल्युमिनियम मात्र लगेचच भुगा व्हायला लागलं. १८९९ मध्ये नव्या नौकेच्या सरावासाठी तिला डागडुजी करून कशीबशी उभी केली आणि १९०१ मध्ये मोडीत काढली. सहा वर्षं!

त्यानंतर ॲल्युमिनियम शिडाच्या जहाजांवर मोठ्या दिमाखात परतलं ते डोलकाठीच्या रूपात. १९३० साली 'एंटरप्राइझ' या नौकेला ड्युरल्युमिनची डोलकाठी बसवली, विमानाच्या कारखान्यात बनवलेली, हजारो रिव्हेट मारलेली. समोर होती लाकडी डोलकाठीची 'शॅमरॉक', मालक सर थॉमस लिप्टन (हो, तेच, चहावाले). लिप्टन चारही शर्यती हरले. महायुद्धानंतर ॲल्युमिनियम स्वस्त झालं, साच्यातून सलग नळी ओढून काढता यायला लागली आणि आमच्यासारख्यांच्या होड्यांवरही आलं. लाकडी डोलकाठी दरवर्षी घासा, व्हार्निश लावा, फटी बघा. ॲल्युमिनियमला म्हणे काही करावं लागत नाही! या 'काही करावं लागत नाही'वर एक अख्खी पिढी निर्धास्त बसली.

बाबांना एक दिवस फेरीने पलीकडे 'व्हिक्टरी' दाखवायला नेलं. नेल्सनचं जहाज, १७६५ मध्ये जलावतरण, ट्रफाल्गरची लढाई १८०५ ची. तोफा, नेल्सन कुठे पडला ती जागा वगैरे बाबांनी पाच मिनिटांत उरकलं. मात्र तिच्या डोलकाठ्यांची हकीकत सांगितल्यावर थबकले. कारण त्या नेल्सनच्या वेळच्या लाकडी नाहीतच. १८९० च्या दशकात 'शाह' नावाच्या मोडीत निघालेल्या युद्धनौकेच्या खालच्या डोलकाठ्या इथे आणून बसवल्या. घडीव लोखंडाच्या, पोकळ, रंग देऊन लाकडासारख्या दिसणाऱ्या. सव्वाशे वर्षं लोक नेल्सनच्या म्हणून त्यांचे फोटो काढत होते. २०२१ मध्ये मधली खालची डोलकाठी तपासणी आणि जतनासाठी क्रेनने उचलून बाहेर काढली: ३२ मीटर, २६ टन. आम्ही गेलो तेव्हा तिची जागा रिकामीच होती.

बाबा त्या रिकाम्या जागेखाली बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पोकळ वस्तू आतून जाते. बाहेरून कितीही रंग दे." मग परतीच्या फेरीत, "तुझी कधी काढतोयस?"

माझी लेक सोळा वर्षांची आहे. त्या उन्हाळ्यात तिचा धोशा चालला होता की आता मैत्रिणीला घेऊन एकटीने वाइट बेटापर्यंत जाऊ द्या. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. त्या रात्री मी गणित मांडलं: पन्नास वर्षांची नळी, जाडी तीन मिलिमीटर, आठ स्क्रू, आणि वारा वाढला की त्याच रहाटाशी दोरी ओढायला वाकणारी पोर. ऑक्टोबरात, बाबा परत गेल्यावर, डोलकाठी उतरवली.

बुंधा उचलला गेला आणि खाली एक नाणं निघालं. डोलकाठीखाली शकुनाचं नाणं ठेवायची रीत फार जुनी आहे. लंडनमध्ये थेम्सच्या गाळात १९६२ साली एक रोमन जहाज सापडलं, त्याच्याही डोलकाठीच्या खोबणीत सम्राट डोमिशियनचं नाणं होतं, भाग्यदेवतेचं चित्र असलेलं. आमच्या होडीच्या पहिल्या मालकाने हौसेने १९७६ सालचे दोन पेन्स ठेवले होते. ते नाणं त्या काळी ब्राँझचं असायचं, म्हणजे जवळजवळ निव्वळ तांबं. वर ॲल्युमिनियम. पाणी निचरायचं भोक कचऱ्याने बुजलेलं, त्यामुळे कायम खारट डबकं. नाणं शाबूत होतं, राणीचं नाकसुद्धा स्पष्ट. त्याभोवती पांढऱ्या भुकटीचं घरटं, आणि डोलकाठीच्या बुंध्यात माझा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

मित्र म्हणाला, विकून टाकू. नवी डोलकाठी साधारण होडीच्या किमतीइतकी पडते, आणि ही अशी होडी कोण घेणार? त्यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. त्याने आपला हिस्सा मार्चमध्ये मला दिला, नाममात्र पैशांत. आता अख्खी होडी माझी आहे आणि आम्ही ऑफिसात एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणतो.

स्क्रू काढणं हे थंडीतलं काम. गंजलेलं ॲल्युमिनियम मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे स्क्रू पाचरीसारखे आवळले जातात. आठांपैकी तीन सुखाने निघाले, दोन तुटले. उरलेल्यांसाठी डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर बाबांचं मार्गदर्शन. "चांगलं लाल होईपर्यंत तापव." म्हटलं, बाबा, ॲल्युमिनियम लाल होतच नाही, त्याआधी वितळतं. आणि फार तापवलं तर या मिश्रधातूची ताकदच जाते. दोन मिनिटं शांतता. "मग तुझ्या धातूचं तूच बघ." दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन. "गरम पाण्यात फडकं बुडवून गुंडाळ, तेल घाल, रोज थोडं थोडं ठोक. घाई करू नकोस." पाच आठवडे लागले, निघाले.

बुंध्याचा कुजलेला १२ सेंटिमीटर भाग कापून टाकला. काप पांढऱ्याशुभ्र निरोगी धातूत आला तेव्हा मी एकटाच यार्डात नाचलो. कमी झालेली उंची भरून काढायला खाली कडक प्लास्टिकचा ठोकळा आहे, पाण्याला वाट ठेवून. रहाट जरा वर नव्या जागी, जुनी भोकं पट्टी मारून बंद. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना क्रोमेटची पिवळी पेस्ट (विषारी असते, हातमोजे घालायचे), डोक्याखाली नायलॉनचा वॉशर. आणि रहाटाखाली काय घालायचं यावर बाबांचा ठाम आग्रह: हायलम. वर्कशॉपमध्ये विजेच्या कामाला वापरायचे ती तपकिरी पाटी. इथे ती टफनॉल म्हणून मिळते. "कागदाची येते आणि कापडाची येते," बाबांनी बजावलं, "कागदाची पाण्यात फुगते, कापडाची घे." कापडाची घेतली. रंग मात्र अगदी वहीच्या कव्हराचा.

शिवाय दरवर्षी एक स्क्रू, दर वेळी वेगळा, काढून बघायचा आणि वहीत लिहायचं, असाही हुकूम आहे. वही लेकीकडे दिली आहे. पहिली नोंद तिने केली आहे, मराठीत, तीन चुकांसह.

तर मावशी, असे झाले आठ महिने. डोलकाठी येत्या चौदा तारखेला उभी करतोय, क्रेन सांगून ठेवली आहे. आता तुझ्याकडे एक काम. लेक म्हणते, काहीही झालं तरी खाली नाणं पाहिजेच. बाबांना विचारलं, ते म्हणाले, ठेवा, पण त्याच धातूचं ठेवा. तुझ्या कपाटात बिस्किटांचा तो चौकोनी डबा आहे ना, जुन्या नाण्यांचा, त्यात बघ जरा. चौकोनी पाच पैसे असतील, वजनाला पिसासारखे, ते ॲल्युमिनियमचे. नसतील तर कंगोऱ्यांचे दहा पैसे चालतील. कमळाचं पिवळं वीस पैशांचं पाठवू नकोस, त्यात तांबं आहे. आणि साध्या पोस्टाने नको, कुरिअरने पाठव, मध्ये चारच दिवस राहिलेत.